दोन मापकांचा आर्गॉन रेग्युलेटर: सिलिंडर कधी बदलावा, हे त्याची डायल कितपत सांगते?

एका बाजूला दाबाची डायल आणि दुसऱ्या बाजूला फ्लोमीटरची नळी असलेला हा रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधल्या गॅसचा दाब कमी करून तो बेताने सोडणारे उपकरण, मी मिग आणि टिग या दोन्ही प्रकारच्या वेल्डिंगसाठी नियमित वापरतो. प्रवाह सांभाळण्याच्या बाबतीत त्याच्याविषयी तक्रार नाही. नळीतली प्रवाह दाखवणारी गोळी मिनिटाला १२ लिटरवर आणून ठेवली की सिलिंडर भरलेला असो वा निम्मा, ती तिथून फारशी हलत नाही. परीक्षण करायचे आहे ते डायलचे, कारण गॅस किती उरला आणि सिलिंडर कधी भरायला पाठवावा, हे तिलाच विचारावे लागते.

आर्गॉन सिलिंडरमध्ये दाबून भरलेला असला तरी वायुरूपातच राहतो, त्यामुळे गॅस जसजसा खर्च होतो तसतसा काटा जवळपास त्याच प्रमाणात खाली येतो. सिलिंडरची पाणी-क्षमता (म्हणजे आतली जागा) ४७ लिटर आणि दाब १५० बार असेल, तर ढोबळ गुणाकाराने सुमारे ७,००० लिटर गॅस मिळतो आणि मिनिटाला १२ लिटर या वेगाने तो पावणेदहा तासांच्या आसपास पुरतो. काटा २० बारवर आला की याच हिशेबाने सव्वा तासाचे काम उरते. मोठा जॉब लावण्यापूर्वी हा गुणाकार करून घेण्याची सवय मला फार उपयोगी वाटते.

अडचण नेमकी या शेवटच्या टप्प्यात आहे. डायल ० ते ३१५ बारची आहे आणि अशा डायलमध्ये पूर्ण मापनाच्या २.५ टक्के, म्हणजे सुमारे ८ बारची चूक ग्राह्य धरली जाते. १५० बारवर ती कुणाच्या लक्षातही येत नाही, पण २० दाखवणारा काटा प्रत्यक्षात १२ सांगत असू शकतो किंवा २८. त्यातच खालच्या भागातील रेषा इतक्या दाट आहेत की हेल्मेट वर सारून दोन पावले पुढे गेल्याशिवाय त्या वाचता येत नाहीत. तापमानाचाही परिणाम होतो: गॅस अजिबात न वापरता सिलिंडर २० अंशांनी थंड झाला, तर १५० चा काटा १४० च्या जवळ येतो, आणि गळतीची शंका उगाचच येते. खरी गळती शोधायला मात्र ही डायल उत्तम आहे. वेल्डिंगची टॉर्च बंद ठेवून सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद केला आणि थोड्या वेळात काटा उतरू लागला, तर साबणाचे पाणी घेऊन जोड तपासावेत.

गोळी खाली येईपर्यंत थांबणे मात्र योग्य नाही. सिलिंडरचा दाब रेग्युलेटरच्या कामाच्या दाबाजवळ आल्यावरच ती हलते आणि तोवर बीडमध्ये, म्हणजे वेल्डच्या पट्टीत, ब्लोहोल (बारीक छिद्रे) पडू लागलेले असतात. शिवाय सिलिंडर पूर्ण रिकामा करू नये. दोन-तीन बार दाब शिल्लक ठेवून व्हॉल्व्ह बंद केला, तर आत हवा आणि ओलावा शिरत नाही.

शुद्ध कार्बन डायऑक्साइडवर मात्र अशा डायलचा या कामी उपयोग नाही. तिथे गॅस द्रवरूपात असतो. २० अंश सेल्सिअसला दाब ५७ बारच्या आसपास असतो आणि घरगुती गॅसप्रमाणेच, आत द्रव असेपर्यंत तो उतरत नाही. द्रव संपला की काटा झपाट्याने कोसळतो. अशा सिलिंडरचे वजन करावे आणि गळ्याजवळ कोरलेले रिकामे वजन त्यातून वजा करावे. उरलेला आकडा हाच खरा साठा. आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइडचे तयार मिश्रण मात्र वायुरूपात असते, म्हणून त्याला आर्गॉनचाच हिशेब लागू पडतो.

डायलच्या काचेवर ठिणग्यांचे डाग लवकर पडतात आणि तिला संरक्षक रबरी कडे दिलेले नाही, ही कमतरता किरकोळ म्हणता येणार नाही, कारण वाचायचे असते ते तिथेच. तरीही आर्गॉन किंवा मिश्रण वापरणाऱ्याने हा रेग्युलेटर घ्यायला हरकत नाही, फक्त पुढचा सिलिंडर २० ऐवजी ३० बारलाच मागवावा. केवळ कार्बन डायऑक्साइडवर काम करणाऱ्याने त्या गॅससाठीचा हीटर असलेला रेग्युलेटर आणि एक दणकट वजनकाटा घ्यावा.