एमआरआयचा कॉन्ट्रास्ट: गॅडोलिनियम की लोहाचे नॅनोकण?

एमआरआयच्या आधी क्रिएटिनिनचा (किडनी कशी चालते ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट मागतात ना, तो बहुतेक वेळा गॅडोलिनियममुळे, म्हणजे चित्र स्पष्ट दिसावं म्हणून शिरेतून देतात त्या धातूच्या कॉन्ट्रास्ट औषधामुळे. १९८८ पासून वापरात आहे, गाठ पांढरी चमकते, रेडिओलॉजिस्टचा हात बसलेला, आणि किडनी धड असेल तर बराचसा लघवीवाटे त्याच दिवशी बाहेर. पण किडनी फारच खराब असेल तर जुन्या प्रकारच्या गॅडोलिनियमने कातडी दगडासारखी कडक होणारा आजार होऊ शकतो, हे २००६ मध्ये लक्षात आलं.

लोहाच्या नॅनोकणांचं (अतिसूक्ष्म कणांच्या कॉन्ट्रास्टचं) गणितच उलटं. लिव्हरमधल्या कुप्फर नावाच्या सफाई करणाऱ्या पेशी ते गिळतात, त्यामुळे चांगलं लिव्हर काळं पडतं आणि जिथे या पेशी नाहीत ती गाठ उजळ उरते, मला तर ही आयडिया जाम आवडते! शिवाय लोह शरीर वापरून टाकतं. फेरुमॉक्सिटॉल हे अशाच नॅनोकणांचं औषध तर २००९ मध्ये अ‍ॅनिमियाचं औषध म्हणूनच मंजूर झालं. मात्र जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी होऊ शकते म्हणून सावकाश, लक्ष ठेवून द्यावं लागतं आणि पुढचे तीन महिनेसुद्धा एमआरआयवर त्याचा परिणाम दिसू शकतो. फेरिडेक्स हे लिव्हरसाठीचं लोहाचं कॉन्ट्रास्ट तर २००८ मध्ये बंदच पडलं.

माझं मत? किडनी ठणठणीत असेल तर गॅडोलिनियमच बरं, डायलिसिसवाल्यांसाठी मात्र लोहाबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.