विद्यार्थ्यांसोबत आठ महिने: पबमेड, आरएसएस आणि झोटेरो वापरल्यानंतर

मी फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला शिकवते. पदवी हातात पडल्यावर नवं संशोधन वाचत राहायची सवय कशी लागेल, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळतोय. म्हणून या वर्षी व्याख्यान न देता वर्गाला साधनंच दिली आणि मीही त्यांच्याबरोबर ती वापरली: पबमेड (वैद्यकीय लेखांची मोफत शोधसूची), गुगल स्कॉलर (गुगलचा संशोधन लेखांचा शोध), एक आरएसएस वाचक (संकेतस्थळांवरच्या नव्या नोंदी एका जागी आणणारं अ‍ॅप) आणि झोटेरो (लेख आणि संदर्भ जपून ठेवायचं साधन).

सगळ्यात उपयोगी पडलं ते आरएसएस. तंत्र 1999 चं, वर्गात कुणाला नावही माहीत नव्हतं. पबमेडवर शोध घ्यायचा, चौकटीखालचं ‘क्रिएट आरएसएस’ दाबायचं आणि मिळालेला पत्ता वाचकात चिकटवायचा. पबमेडचं खातंही लागत नाही. त्या शोधात बसणारा नवा लेख नोंदला गेला की तो वाचकात दिसतो. सुरुवातीला आम्ही मेलवरही सूचना घेतल्या होत्या. महिन्याभराने विचारलं तर बहुतेकांनी एकही उघडली नव्हती. परीक्षेच्या नोटिसा आणि जाहिरातींच्या गर्दीत त्या दिसतच नाहीत.

पहिले तीन आठवडे मात्र वाया गेले आणि त्यात चूक माझी होती. साधन सविस्तर दाखवलं, शोध कसा बांधायचा ते घाईत उरकलं. एक विद्यार्थिनी फोन घेऊन आली. तिने नुसतं ‘लो बॅक पेन’ टाकलं होतं. न वाचलेले लेख चारशेच्या वर. “मॅडम, उघडायचीच भीती वाटते,” म्हणाली. तिला विचारलं, ओपीडीत तू रोज कुणाला बघतेस? सायटिकाचे रुग्ण, बहुतेक साठीपुढचे. मग तिथेच बसून शोध नव्याने बांधला. शब्दसमूह अवतरणचिन्हांत, शोध फक्त शीर्षक आणि सारांशात, प्रकार दोनच: रँडमाइज्ड चाचण्या (ज्यात रुग्णांचे गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडतात) आणि सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (एका प्रश्नावरच्या अभ्यासांचा पद्धतशीर आढावा). वयासाठी तयार फिल्टर लावला नाही, कारण तो मेश शब्दांवर, म्हणजे लेखांना लावलेल्या ठरावीक विषयशब्दांवर, चालतो आणि ज्या लेखांना ते शब्द लागलेले नाहीत ते गळून जातात. त्याऐवजी ‘ओल्डर अडल्ट्स’, ‘एल्डरली’ असे शब्दच शोधात घातले. पुढच्या आठवड्यात पाच लेख आले. तिने पाचही वाचले.

गुगल स्कॉलर लेखाच्या पूर्ण मजकुरात शोधतं, त्यामुळे मोघम शब्द दिले तर ढीग येतो. आम्ही ते एकाच कामाला ठेवलं: आपल्या विषयातला एखादा पायाभूत लेख निवडायचा आणि त्याचा संदर्भ देणाऱ्या नव्या लेखांची सूचना लावायची. कुणी त्या निष्कर्षाला दुजोरा दिला, कुणी खोडून काढला, हे आपोआप कळत राहतं.

झोटेरोबद्दल माझं मत आठ महिन्यांत बदललं. मी त्याकडे संदर्भसूची बनवायचं साधन म्हणूनच बघत होते. एका मुलाने जपून ठेवलेल्या लेखावर लाल पट्टी आली: लेख मागे घेतला गेला आहे. मागे घेतलेल्या लेखांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचच्या नोंदींशी झोटेरो आपला संग्रह ताडून बघतं. त्या लेखावर त्याच्या प्रकल्पाचा एक परिच्छेद उभा होता, तो सादरीकरणाआधीच काढता आला. शिवाय लेखाची मोफत, कायदेशीर प्रत कुठे असेल तर तीही ते शोधून देतं. मोफत जागा 300 एमबी आहे, पीडीएफ साठवायला लागलं की लवकर भरते. पण नुसत्या नोंदींना ही मर्यादा नाही.

दर शुक्रवारी तासाची शेवटची वीस मिनिटं यासाठी ठेवली. दोघं-तिघं उठतात, एकेक लेख सांगतात: कुणावर अभ्यास केला, किती फरक पडला, सोमवारी मी रुग्णाशी वेगळं काय करेन. हा तिसरा प्रश्न सुरू केल्यापासून नुसता सारांश वाचून दाखवणं बंद झालं. पण पूर्ण लेख पैशांच्या भिंतीआड असला की चर्चा अर्धवट राहते, यावर मला अजून उपाय सापडलेला नाही.

शेवटी एक धक्का बसला. निकालानंतर मुलांचे संस्थेचे मेल बंद झाले आणि त्या पत्त्यावर लावलेल्या सगळ्या सूचना एका दिवसात गेल्या. मला फार वाईट वाटलं, कारण हा सगळा खटाटोप पदवीनंतरच्या वर्षांसाठीच होता. आरएसएसची यादी स्वतःच्या पत्त्यावर ठेवणाऱ्यांचं काही बिघडलं नाही. 2013 मध्ये गुगल रीडर हा आरएसएस वाचक बंद झाला तेव्हा लोकांनी आपल्या याद्या ओपीएमएल फाइलमध्ये (अशा याद्या हलवायचा फाइल प्रकार) काढून दुसरीकडे नेल्या होत्या, ती सोय आजही बहुतेक आरएसएस वाचकांत आहे. नव्या तुकडीला पहिल्याच तासाला दोन गोष्टी करायला लावल्या: खाती स्वतःच्या मेलवर उघडणं आणि ओपीडीत रोज दिसणारा एक रुग्ण कागदावर दोन ओळींत लिहिणं. संगणक त्यानंतर उघडले.