सभासद कसे घ्यावेत: शिफारशीने की थेट अर्जाने?

नव्या संस्थेची घटना लिहायला बसलं की सभासदत्वाच्या कलमापाशी हमखास वाद होतो. सूचक, अनुमोदक आणि कार्यकारिणीची मंजुरी ठेवायची, की अर्ज आणि वर्गणी भरली की झाला सभासद? दोन्ही प्रकारच्या संस्थांत मी चिटणीसपद सांभाळलं आहे.

शिफारशीने आलेली माणसं टिकतात, हे आधी कबूल करतो. कुणीतरी आपल्यासाठी शब्द टाकलाय याची त्यांना जाण असते. वर्गणी थकत नाही, सभेला हजेरी असते. थेट प्रवेशाच्या संस्थेत वर्षभरानंतर बरीच नावं नुसती नोंदवहीत उरायची. निदान माझा अनुभव तरी असा.

पण मला कायम टोचली ती अर्जावरची एक ओळ: 'सूचकाची सही. अर्जदाराशी किमान दोन वर्षांचा परिचय आवश्यक.' एक बाई तीन महिने आमच्या प्रत्येक जाहीर कार्यक्रमाला येत होत्या, संपल्यावर खुर्च्या आवरायला थांबत होत्या. गावात नव्या, त्यामुळे त्यांना दोन वर्षांपासून ओळखणारं कोण असणार? अर्ज सहीविना माझ्या फायलीत पडून. एकदा त्यांनी विचारलं, "सही कुणाकडे मागायची असते?" मला काही सांगता आलं नाही. त्याच महिन्यात एका जुन्या सभासदांच्या भाच्याचा अर्ज दोन मिनिटांत मंजूर झाला. मुलगा चांगलाच होता, पण त्याला सही मिळाली ती नात्यामुळे.

मंजुरीसाठी गुप्त मतदान ठेवणं मला त्याहून अवघड वाटतं. इंग्रजी क्लबांत पेटीत गोट्या टाकून मत देत. कित्येक ठिकाणी एक काळी गोटी निघाली की अर्ज बाद, कारण कुणी सांगायचं नाही. १९०३चं नोबेल मिळालेल्या मेरी क्युरी यांना १९११मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीने थोडक्या मतांनी नाकारलं, आणि त्याच वर्षी त्यांना दुसरं नोबेल मिळालं. तिथे हे होतं, तर आपल्या सात जणांच्या कार्यकारिणीने कुणाची पारख करायची?

थेट प्रवेशात एक धोका मात्र खरा आहे. निवडणुकीच्या तोंडावर एकाच हस्ताक्षरातल्या अर्जांचा गठ्ठा येतो. त्यावर उपाय सोपा: सभासदत्व लगेच, मतदानाचा हक्क एक वर्षानंतर. जोडीला नोटीस देऊन आणि बाजू ऐकून घेऊन सभासदत्व रद्द करण्याचं कलम ठेवा. जिथे जागाच मोजक्या आहेत किंवा गोपनीय गोष्टी हाताळायच्या आहेत, तिथे शिफारस लागेलही. इतर ठिकाणी मी तरी थेट अर्जच सुचवेन.

आमच्या संस्थेने पुढे परिचयाची अट काढून टाकली. तोवर त्या बाई आपला अर्ज परत घेऊन गेल्या होत्या.