रहबाम राजावरील दोन दिवसांचा अभ्यासवर्ग: एक अभिप्राय

पास्टोरेट कमिटीच्या (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या) सभासदांसाठी शेजारच्या मंडळीने घेतलेल्या दोन दिवसांच्या अभ्यासवर्गाला बायबलच्या 'पहिले राजे' या पुस्तकातले एकच वचन, 1 राजे 12:7, ठेवले होते. जेवणासह साडेतीनशे रुपये शुल्क होते. एका वचनावर दोन दिवस काय बोलणार, ही माझी शंका पहिल्याच तासात फिटली.

बाप शलमोन राजा याच्यानंतर इस्राएलच्या गादीवर आलेल्या रहबामाला लोक शखेम गावी भेटतात आणि बापाने लादलेले जू हलके करण्याची विनंती करतात. राजा तीन दिवसांची मुदत घेतो. वडीलजन त्याला सांगतात, की आज तू या लोकांचा सेवक झालास, तर ते कायम तुझे सेवक होतील. पाळकांनी हे वचन फळ्यावर लिहिले आणि 'सेवा' या अर्थाचा एकच हिब्रू धातू त्यात तीनदा कसा येतो, ते खडूने खुणा करून दाखवले. चौथ्या वचनात लोकांच्या तोंडीही तोच धातू आहे. म्हणजे वडीलजनांनी लोकांचाच शब्द राजाच्या हाती दिला होता.

मला सर्वांत भिडले ते सहावे आणि नववे वचन शेजारी ठेवून केलेले वाचन. वडीलजनांना राजा सल्ला विचारतो. पण बरोबरीने वाढलेल्या सोबत्यांना तो "आपण काय उत्तर द्यावे" असे विचारतो. त्याने आपली बाजू कुठे मानली होती, ते या 'आपण'मध्येच कळते. शेवटी तो सोबत्यांचेच ऐकतो, जू आणखी जड करीन असे उत्तर देतो, आणि बहुतेक वंश त्याला सोडून जातात. हा प्रसंग 'म्हातारे विरुद्ध तरुण' असा सांगण्याची आपल्याकडे सवय आहे, परंतु याच पुस्तकातल्या 14:21 प्रमाणे रहबाम तेव्हा 41 वर्षांचा होता. ते ऐकताना मला आमची कमिटी आठवली: उपासनेची वेळ बदलताना आम्ही ज्येष्ठांना बोलावले, चहा दिला, सारे ऐकून घेतले, आणि सूचनापत्रक मात्र आदल्या दिवशीच छापून आलेले होते.

दुसरा दिवस उणा वाटला. शलमोनाने 30,000 माणसे वेठीला धरली होती आणि त्यांतली 10,000 दर महिन्याला पाळीपाळीने लबानोनात जात, हा पाचव्या अध्यायातला तपशील दहा मिनिटांत उरकला. खरे तर तो आरंभीच यायला हवा होता, कारण त्याच्याशिवाय लोकांची विनंती नुसती कुरकुर वाटते, आणि बिथरलेल्या लोकांकडे रहबामाने वेठीवरचा अधिकारी अदोराम यालाच पाठवणे, मग लोकांनी त्याला दगडमार करणे, यातली भयंकर चूक नीट कळत नाही. दुपारचा वेळ नेतृत्वगुणांच्या सर्वसाधारण स्लाइड्सवर गेला. हेब्रोनात फक्त यहूदा वंशावर राज्य करत साडेसात वर्षे थांबल्यावर शलमोनाचा बाप दावीद याला सर्व वंशांची जी एकी लाभली, ती त्याच्या नातवाने, रहबामाने, तीन दिवसांत कशी घालवली, यावर तो वेळ दिला असता तर फार बरे झाले असते.

तरीही हा वर्ग मी मनापासून सुचवीन. जाण्यापूर्वी पाचवा व बारावा अध्याय वाचून जावे, आणि शक्यतो संपूर्ण कमिटीने जावे. आमच्याकडून दोघेच गेलो होतो. पुढच्या वर्गासाठी सगळ्यांची नावे दिली आहेत.