अल्बम फोनवर की कॉम्प्युटरवर? केबल, गूगल फोटोज, ॲपल आणि सिंकथिंग

फोटो फोनमधून कॉम्प्युटरवर न्यायचे तर साधी केबलही पुरते. अडतं ते अल्बमपाशी. बारशाचे, सहलीचे, दुकानातल्या मालाचे असे वेचून लावलेले फोटो पलीकडेही तसेच लावलेले दिसतात का, हे आधी बघा. मोफत जागा किती, हा त्यानंतरचा प्रश्न.

अँड्रॉइड फोन विंडोजला जोडून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडलं की कॅमेरा, स्क्रीनशॉट्स असे फोल्डर समोर येतात. बऱ्याच फोनमध्ये गॅलरीतले अल्बम हे खरोखरचे फोल्डरच असतात, त्यामुळे तसेच उचलता येतात. आयफोनमध्ये अल्बम ही निव्वळ आतली यादी. विंडोजवर फक्त डीसीआयएम फोल्डर आणि त्यात आकड्यांच्या नावांच्या फाइली दिसतात. ‘बारसं’ कुठेच नसतं. तेव्हा आयफोनवाल्यांनी केबल फक्त बॅकअपपुरती धरावी.

गूगल फोटोजमध्ये ही कटकट नाही. फोनवर केलेला अल्बम ब्राउझरमध्ये दिसतो, ब्राउझरमध्ये केलेला फोनवर. एकच फोटो तीन अल्बममध्ये टाकला तरी जागा एकदाच जाते. अमेरिकेतल्या मावशीला लिंक पाठवायची तर याच्याइतकं सोपं काही नाही. पण हे सगळं गूगलच्या घरी असतं, तुमच्या डिस्कवर आपोआप काहीच उतरत नाही. ड्राइव्हमार्फत पूर्वी ती सोय होती, ती जुलै २०१९ मध्ये बंद झाली. १ जून २०२१ पासून नवे फोटो १५ जीबीच्या मोफत कोट्यात मोजले जातात, आणि तो कोटा जीमेल व ड्राइव्ह यांच्यासकट आहे. भरला की मेल येणंही थांबतं. सगळं एकदम उतरवायला ‘टेकआउट’ आहे, पण झिप उघडल्यावर डोकं धरायची वेळ येते: वर्षांचे फोल्डर वेगळे, अल्बमचे वेगळे, तेच फोटो दोन्हीकडे, आणि फोटोंशेजारी जेसॉन फाइलींची (फोटोची तारीख वगैरे माहिती ठेवणाऱ्या) रांग.

ॲपलकडे दोन वाटा आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. आयक्लाउड फोटोज चालू असेल तर मॅक आणि आयफोनवर तेच अल्बम दिसतात, पण मोफत जागा अवघी ५ जीबी, आणि एकीकडे पुसलेला फोटो सगळीकडून जातो. दुसरी वाट कॉम्प्युटरवरून सिंक करण्याची, म्हणजे तिथले फोटो फोनवर जुळवून घेण्याची: मॅकवर फाइंडर, विंडोजवर आयट्यून्स किंवा ‘ॲपल डिव्हायसेस’. ही एकेरी आहे, कॉम्प्युटरकडून फोनकडे, आणि मला ती विनाकारण दुर्लक्षित वाटते. लग्नाच्या फोटोग्राफरने पेनड्राइव्हवर ‘हळद’, ‘सप्तपदी’, ‘रिसेप्शन’ असे फोल्डर दिले असतील, तर ते एका फोल्डरमध्ये ठेवून सिंक करा. आतल्या प्रत्येक फोल्डरचा फोनवर अल्बम होतो. गूगलमध्ये ब्राउझरने चढवताना फोल्डरागणिक अल्बम हाताने करावा लागतो. मात्र असे आलेले फोटो फोनवरून पुसता येत नाहीत, कॉम्प्युटरवरच निवड बदलून पुन्हा सिंक करावं लागतं. आणि त्या आयफोनवर आयक्लाउड फोटोज चालू असेल तर ही वाट बंद.

सिंकथिंग हे दोन उपकरणांतले फोल्डर सारखे ठेवणारं मुक्त (ओपन सोर्स) ॲप आहे, मध्ये कुणाचा क्लाउड नाही, कोटा नाही. फोल्डर थेट फोनवरून लॅपटॉपवर जातात. मूळ अँड्रॉइड ॲप डिसेंबर २०२४ मध्ये थांबलं, त्याची फोर्क केलेली, म्हणजे त्याच्याच कोडवरून इतरांनी पुढे चालवलेली आवृत्ती लोक वापरतात. फोनच्या बाजूला फोल्डर ‘सेंड ओन्ली’ (फक्त पाठवणारं) ठेवा, पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका: फोन रिकामा करायला पुसलेले फोटो लॅपटॉपवरूनही जातात. त्यामुळे लॅपटॉपवर ‘फाइल व्हर्जनिंग’ (पुसलेल्या, बदललेल्या फाइलींची जुनी प्रत ठेवणं) चालू करणं भागच आहे.

घरात अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही असतील आणि अल्बम सगळ्यांनी मिळून बघायचे असतील, तर गूगल घ्या, दरमहा थोडे पैसे गेले तरी. वर्षानुवर्षांचे फोटो कॉम्प्युटरवर नीट लावलेले असतील आणि हातात आयफोन असेल, तर फाइंडर किंवा आयट्यून्स. मॅक आणि आयफोन दोन्ही असून खर्चाची तयारी असेल तर आयक्लाउड. सिंकथिंग सेटिंगमध्ये रमणाऱ्यांसाठी. आईवडिलांच्या फोनवर मी ते टाकणार नाही.