डी ऑपरेटर की लाप्लास? फिजिक्सवाल्यांनी जास्त वेळ कशाला द्यावा

शेजारच्या वहिनींची मुलगी बी.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा वही घेऊन आली आणि दारातूनच विचारलं, "काका, लाप्लास नाही केलं तर चालतंय का?" आमच्या सांगलीत असल्या प्रश्नाला "चालतंय की" हे उत्तर तयारच असतं. तेच देऊन टाकलं, पण रात्री वाटलं, जरा नीट सांगायला हवं होतं.

अडचण तिच्या एकटीची नाही. जाम (एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा) द्यायची आहे, विद्यापीठाची परीक्षाही आहे आणि दिवस मोजके आहेत. स्थिर सहगुणकांचं डिफरन्शियल इक्वेशन (बदलाच्या दरांचं समीकरण) सोडवायला दोन वाटा समोर आहेत: डी ऑपरेटर (डी म्हणजे डी बाय डीटी) लावून सीएफ, म्हणजे उजवी बाजू शून्य धरून येणारं उत्तर, आणि पीआय, म्हणजे उजव्या बाजूमुळे येणारं उत्तर, काढायची; किंवा लाप्लास ट्रान्सफॉर्म घेऊन टीच्या जागी एस आणायचा आणि एसच्या बीजगणितात उतरायचं. रीती तुम्हाला माहीत आहेत असं धरतो. मी स्वतः पहिलीवर बी.एस्सी. केलं आणि दुसरी इंजिनीअरिंगच्या पोरांना एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) शिकवता शिकवता अंगवळणी पाडली.

लाप्लासची बाजू आधी मांडतो, कारण ती खरंच भक्कम आहे. पावसाळ्यात इथे प्रत्येकाला दोन आकडे पाठ असतात: कोयनेतून किती क्युसेक सोडलं, आणि आयर्विन पुलाला पाणी किती फुटांवर आहे. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ च्याही वर गेलं होतं. आता कोयनेचे सहा वक्र दरवाजे सकाळी उचलले, संध्याकाळी अजून वर घेतले, दोन दिवसांनी खाली केले असं समजा. म्हणजे इक्वेशनच्या उजव्या बाजूला पायऱ्या-पायऱ्यांचं फंक्शन आलं. शिवाय ते पाणी कराडला कृष्णेत मिसळून आमच्यापर्यंत यायला वेळ लागतो, तो उशीर वेगळाच. हे सीएफ-पीआयने करायला बसलात तर प्रत्येक पायरीला नवे स्थिरांक ए आणि बी, आणि प्रत्येक सांध्यावर मागचं उत्तर पुढच्याशी जुळवायचं. दोन सांध्यांनंतर माणूस रडकुंडीला येतो. लाप्लासमध्ये प्रत्येक पायरीमागे ईचा एक ऋण घातांक जोडला की काम झालं, उशीरसुद्धा तोच सांभाळतो. (नदी काही रेषीय इक्वेशन वाचून वाहत नाही, हे मान्य. पण आरसी सर्किटचं बटण दाबतो तेव्हा गणित याच जातीचं असतं.) हातोडीचा एक टोला, म्हणजे डेल्टा फंक्शन, हेही लाप्लासला सोपं जातं. आणि सुरुवातीच्या अटी पहिल्याच ओळीत आत जातात, शेवटी स्थिरांक शोधत बसावं लागत नाही.

इतकं सगळं असून माझं मन तिथे रमलं नाही. कारण ऐकाल तर हसाल.

एक साधं गणित घ्या. डी² + २डी + ५, वाय वर लावलेलं, उजवीकडे १० कॉस टी. सुरुवातीला वाय शून्य, वेगही शून्य. लाप्लास घेतला की १०एस भागिले (एस² + १)(एस² + २एस + ५) असं मिळतं. इथून पार्शल फ्रॅक्शन, चार अज्ञात, चार समीकरणं. त्यातून दोन तुकड्यांचे अंश निघतात: २एस + १ आणि उणे २एस उणे ५. पहिला तुकडा सुखाने उलटतो. दुसऱ्याचा छेद (एस + १)² + ४ असा करायचा, मग अंशात एसच्या जागी एस + १ आणायचा, म्हणजे उणे २(एस + १) उणे ३. कॉसचं जमलं. साइनला मात्र अंशात २ लागतो आणि आपल्याकडे आहे ३, म्हणून ३ला २ने भागून बाहेर दीड काढायचा. हा दीड मी आयुष्यभर विसरत आलो. विद्यापीठाच्या पेपरात याच जागी ३ लिहून आलो होतो. बाकी सगळं बरोबर, आणि घरी येईपर्यंत कळलंही नाही. कोणी म्हणेल हा हिशेबातला निष्काळजीपणा, रीतीचा काय दोष? असेलही. पण चूक पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी होत असेल, तर तिथे पायरीच वाकडी बसवली आहे असं मला वाटतं. लाप्लासमध्ये शेवटच्या ओळीपर्यंत आपण एसच्या अंधारात असतो. मधलं काही चुकलं तरी ते चुकल्यासारखं दिसत नाही.

तेच डी ऑपरेटरने करा. डी²च्या जागी उणे १ घातला की खाली २डी + ४ उरतं. वर-खाली डी − २ने गुणलं की दोन ओळींत पीआय हातात: २ कॉस टी + साइन टी. मूळ इक्वेशनमध्ये घालून तोंडी पडताळता येतं. सीएफ म्हणजे ई घातांक उणे टी, त्यात कॉस २टी आणि साइन २टी. स्थिरांक काढायला दोन ओळी लागतात: उणे २ आणि उणे दीड. हा दीड इथे लपत नाही, कारण तो आपणच समीकरण मांडून काढलेला असतो.

फिजिक्सवाल्याला याहून मोठी गोष्ट म्हणजे दोन तुकडे वेगळे दिसतात. सीएफ ही त्या वस्तूची स्वतःची खोड, डॅम्पिंग (घर्षणासारखा रोध) असलं की विरून जाणारी. पीआय म्हणजे बाहेरच्याने जे करायला लावलं ते, मागे टिकून राहणारं. लाप्लासमध्येही हेच दोन तुकडे असतात, पण ते छेदातून वाचायची नजर यायला वर्ष जातं, निदान मला तरी गेलं.

तीच गोष्ट 'केस ऑफ फेल्युअर'ची. डॅम्पिंग नसलेल्या इक्वेशनमध्ये डी²च्या जागी उणे ओमेगा वर्ग घातला आणि छेद शून्य झाला की वर्गात सगळे चरकतात. नाव कोणी ठेवलं माहीत नाही, पण फिजिक्समध्ये हाच रेझोनन्स! नागपंचमीच्या झोक्यावर मागून बरोबर वेळेला ढकलणारं माणूस आठवा. सुरुवातीला तरी प्रत्येक धक्क्याला झोका जवळपास तेवढाच वाढतो, आणि नियमातला 'टी गुणिले' तेच सांगतो. लाप्लासने हेच करायला गेलं की छेदात एस² + ओमेगा²चा अख्खा वर्ग येतो. मग टेबल आठवा, नाहीतर कॉन्व्होल्यूशन करा.

आणि क्वांटममधला तो बॉक्समधला कण? तिथे साय (कणाचं वेव्ह फंक्शन) डाव्या भिंतीवरही शून्य, उजव्या भिंतीवरही शून्य. लाप्लास विचारतो, डाव्या भिंतीवर उतार किती? तो कुणालाच माहीत नसतो. अज्ञात धरून पुढे जाता येतं, उत्तरही येतं, पण द्राविडी प्राणायाम होतो. डी ऑपरेटरला मुळं काढून दोन्ही अटी सरळ लावता येतात.

गंमत म्हणजे दोघांचं गोत्र एकच. ऑलिव्हर हेविसाइड (१८५०–१९२५) हा तारयंत्रावर काम केलेला, विद्यापीठाचं तोंड न पाहिलेला इंग्रज. तो डी बाय डीटीला सरळ पी म्हणायचा आणि बिनधास्त त्याने भागायचा. त्याच्या या पद्धतीवरच्या लेखांचा तिसरा भाग रॉयल सोसायटीने छापला नाही. पुढे गणितींनी खाली लाप्लासच्या इंटिग्रलचा टेकू दिला, तेव्हा तीच युक्ती सभ्य ठरली.

तेव्हा इंजिनीअरिंगला, कंट्रोल सिस्टीम्सकडे किंवा इलेक्ट्रॉनिक्सकडे जाणार असाल तर माझं ऐकू नका, लाप्लासशिवाय तिथे पान हलत नाही. नेट (प्राध्यापकी-संशोधनाची पात्रता परीक्षा) द्यायची असेल तरी तो अभ्यासक्रमात आहेच, आज ना उद्या करावा लागेल. जामच्या फिजिक्सला मात्र स्थिर सहगुणकांची इक्वेशन्स आहेत आणि लाप्लासचं नाव नाही. लेजेंद्र, हर्माइट यांच्या इक्वेशनपाशी पोचलात की सहगुणकच बदलते असतात. तिथे दोघेही फारसे उपयोगी पडत नाहीत, सिरीज सोल्यूशनच लागतं. म्हणून फिजिक्सवाल्याने आधी डी ऑपरेटर हातात बसवावा आणि लाप्लास सुट्टीत करावा, असं मला आपलं वाटतं. गणितवाले मित्र रागावतील.

दुसऱ्या दिवशी तिला बोलावून हे सगळं सांगितलं. एकतर्फी नको म्हणून वरचंच गणित मी लाप्लासने करायला घेतलं आणि तिला शेजारी बसून डी ऑपरेटरने करायला सांगितलं. तिचं आधी झालं. मी शेवटची ओळ लिहिली, तिने वही पुढे ओढून पाहिली आणि हळूच म्हणाली, "काका, तिथं दीड पाहिजे."