मासेवाल्यांचं किट तळ्यावर चालतं का? एपीआय फ्रेशवॉटर मास्टर टेस्ट किट

एपीआय कंपनीचं हे किट काचेच्या टाकीत मासे पाळणाऱ्यांसाठी बनवलेलं आहे आणि त्या कामाला चोख आहे. तळ्याच्या पाण्यावर नजर ठेवायला घेणार असाल, तर मात्र आधी पेटीत काय नाही ते बघा. विरघळलेला प्राणवायू नाही आणि फॉस्फेटही नाही. गोड्या पाण्याचं तळं शेवाळतं ते बहुतेक वेळा फॉस्फरसमुळे, म्हणजे मुख्य आरोपीच गैरहजर.

पेटीत सात बाटल्या, चार काचनळ्या आणि रंगपट्ट्या येतात. त्यांतून पीएच (पाणी किती आम्ल वा अल्कली ते; कमी आणि जास्त पल्ल्याचा वेगवेगळा), अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट मोजता येतं. प्रत्येक चाचणीला 5 मिली पाणी लागतं. अमोनियाला दोन्ही बाटल्यांचे 8-8 थेंब, नायट्राइटला 5, नायट्रेटला 10-10. तिन्हींना 5 मिनिटं थांबायचं. बाटली उभी उलटी धरा. तिरकी धरली तर थेंब लहानमोठे पडतात.

सगळ्यात जास्त चुका नायट्रेटमध्ये होतात. दुसऱ्या बाटलीतले कण तळाशी बसतात, म्हणून थेंब टाकण्याआधी ती 30 सेकंद जोरात हलवायची आणि थेंब टाकल्यावर नळी पूर्ण एक मिनिट. इथे कंटाळा केला की आकडा कमी येतो आणि अहवालात तळं फुकटचं स्वच्छ ठरतं. पट्टीवरचे टप्पे लिटरला 0, 5, 10, 20, 40, 80, 160 मिलिग्रॅम असे आहेत. टाकीला ठीक, तळ्याला फार ढोबळ. शिवाय हा आकडा नायट्रेटचा असतो. प्रयोगशाळा बहुधा नायट्रोजन म्हणून, म्हणजे नायट्रेटमधल्या फक्त नायट्रोजनचा, आकडा देते, तेव्हा किटच्या आकड्याला 4.43 ने भागल्याशिवाय दोन्हींची तुलना करू नका. आणि हिरव्यागार तळ्यात नायट्रेट शून्य आलं म्हणून खूश होऊ नका. शेवाळाने ते खाऊन टाकलेलं असू शकतं, किंवा सांडपाण्यातला नायट्रोजन अजून अमोनियाच्या रूपातच असतो.

अमोनियाची चाचणी या पेटीतली सर्वांत उपयोगी. सांडपाण्याचा नाला तळ्याला कुठे येऊन मिळतो ते शोधायला ती उत्तम. पण ती एकूण अमोनिया दाखवते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची ‘ड’ वर्गाची (मत्स्यजीवनाची) 1.2 मिलिग्रॅम प्रति लिटर ही मर्यादा मुक्त अमोनियाची (एकूणातला माशांना विषारी असलेला भाग), तीही नायट्रोजन म्हणून मोजलेली. 25 अंश तापमानाला पीएच 8 असेल तर एकूणातला साधारण 5 टक्के अमोनिया मुक्त असतो, पीएच 9 ला 36 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पीएच नोंदला नाही तर अमोनियाच्या आकड्याला अर्थ नाही. आणि घोडं इथेच अडतं: किटचा जास्त पल्ल्याचा पीएच 8.8 ला संपतो. शेवाळलेल्या तळ्यात दुपारी पीएच 9 च्या वर सहज जातो.

फॉस्फेटचं किट याच कंपनीचं वेगळं मिळतं. त्यात शून्यानंतरचा पहिला रंग 0.25 मिलिग्रॅमचा. फॉस्फरसमध्ये हिशेब केला तर लिटरला सुमारे 80 मायक्रोग्रॅम. ओईसीडी या विकसित देशांच्या संघटनेच्या 1982 च्या वर्गवारीत एकूण फॉस्फरस सरासरी 35 मायक्रोग्रॅमच्या पुढे गेला की तळं सुपोषित (पोषक द्रव्यं वाढून शेवाळणारं), 100 च्या पुढे अतिसुपोषित. थोडक्यात, पट्टीवर पहिला रंग उमटेपर्यंत तळं बिघडून गेलेलं असतं. त्यात पुन्हा हे किट फक्त विरघळलेलं फॉस्फेट पकडतं, शेवाळाच्या अंगातलं नाही. एकूण फॉस्फरस प्रयोगशाळेतूनच करून घ्या. नमुन्याची बाटली साबणाने धुऊ नका, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुऊन ऊर्ध्वपातित पाण्याने विसळा.

नमुना काठावरचा नको. पृष्ठभागाखाली 30 सेंटिमीटरवरून घ्या, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा. पाणी हिरवं किंवा गढूळ असेल तर गाळून घ्या, नाहीतर पाण्याचाच रंग पट्टीशी जुळवत बसाल. प्रत्येक खेपेला तीच चाचणी एका नळीत ऊर्ध्वपातित पाण्यावर करा. तिच्यात शून्याहून वेगळा रंग आला तर त्या दिवसाचे आकडे बाद.

मग घ्यायचं का? अमोनिया आणि नायट्राइटसाठी घ्या. सोबत 20 सेंटिमीटरची काळीपांढरी सेकी तबकडी (पाणी किती पारदर्शक ते मोजायची) आणि विंकलर पद्धतीचं (रसायनं टाकून मोजायचं) प्राणवायूचं किट हवंच. तबकडी सकाळी दहा ते दुपारी तीनमध्ये, नावेच्या सावलीच्या बाजूने सोडा. दिसेनाशी होते आणि पुन्हा दिसते त्या दोन खोलींची सरासरी धरा. कार्लसनच्या निर्देशांकात (आकडा जितका मोठा तितकं तळं जास्त शेवाळलेलं) 2 मीटरला 50, 1 मीटरला 60, अर्ध्या मीटरला 70. पावसाळ्यात ही नोंद वेगळी ठेवा, तेव्हा तबकडी शेवाळ नव्हे, गाळ झाकतो. प्राणवायू पहाटे मोजा, तेव्हा तो सर्वांत कमी असतो. दुपारी तर शेवाळलेलं तळंही भरपूर आकडा दाखवतं.

नायट्रेटच्या पहिल्या बाटलीत आम्ल आहे, तेव्हा हातमोजे घाला. नळ्यांतलं पाणी तळ्यात ओतू नका, झाकणाच्या डब्यात भरून परत न्या.